ऑबफस्केट नंतर, आधी हेन्स

‘व्हेरी हॅपी म्हणू नका, एक्स्टॅटिक म्हणा. विकत घेण्याला बाय म्हणू नका, प्रोक्युअर म्हणा.’ असल्या रील्स आमच्या शिकवणीतली झाडून सगळी मुलं बघतात आणि मग ते शब्द निबंधात येऊन बसतात. बाबांनी फोंड्याच्या बाजारातून बांगडे प्रोक्युअर केले आणि आई एक्स्टॅटिक झाली, असं एकाने लिहिलं. व्याकरण बिनचूक! पण औषधं प्रोक्युअर करतं ते सरकारी खातं. बांगडे आपण आणतो, आणि ते ताजे असले तर आई खूश होते, तेवढंच. तिरफळ बांगड्याच्या हुमणात शोभतं म्हणून ते कोणी गोड पातोळ्यांत घालत नाही. शब्दांचंही तसंच असतं, पण रीलवाल्याला तीस सेकंदांत हे सांगायला वेळ कुठला?

मी इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. त्यामुळे ‘सर, व्होकॅब्युलरीसाठी कुठली लिस्ट पाठ करू?’ हा प्रश्न मला दर जूनमध्ये येतो. ऑबफस्केटसारख्या (म्हणजे मुद्दाम गोंधळात टाकणं) ज्या अवघड शब्दांच्या याद्या आपल्याकडे फिरतात, त्यातल्या पुष्कळशा अमेरिकन प्रवेशपरीक्षांच्या तयारीतून आलेल्या आहेत. त्या परीक्षा मात्र पुढे निघून गेल्या. जीआरईने २०११ मध्ये सुट्या विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले, आता शब्द वाक्यात बसवूनच विचारतात. सॅटने २०१६ मध्ये दुर्मीळ शब्दांना जवळपास निरोपच दिला. आपण अजून त्याच याद्या घोकतोय.

आता गोव्यातली खरी अडचण. आपल्या गावांतली पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत सगळं एकदम इंग्रजीतून सुरू होतं. सगळ्यांना वाटतं की मुलं फोटोसिंथेसिससारख्या शब्दांना अडतात. मला तसं दिसत नाही. फोटोसिंथेसिस धड्यात ठळक छापलेला असतो, बाई फळ्यावर चित्र काढतात, परीक्षेत व्याख्या विचारतात. मूल अडतं ते व्हेअरॅझला (याउलट), हेन्सला (म्हणून), अझ्यूमला (धरून चालणं), रिस्पेक्टिव्हलीला (अनुक्रमे). हे शब्द कोणी ठळक छापत नाही आणि कोणी समजावूनही सांगत नाही, कारण ते सगळ्यांना येतात असं धरून चाललेलं असतं. ‘अ आणि ब यांची वजनं रिस्पेक्टिव्हली पाच आणि सात किलो’ या गणितात मुलाला बेरीज येते, पण कुणाचं वजन किती तेच कळत नाही. मग आपण म्हणतो, गणित कच्चं आहे.

न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली अशाच, ना रोजच्या बोलण्यातल्या ना एकाच विषयाच्या, मधल्या थरातल्या शब्दांची यादी केली. वेगवेगळ्या विषयांचं सुमारे पस्तीस लाख शब्दांचं लेखन चाळून त्यांनी ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं) निवडली. विद्यापीठातल्या अभ्यासाच्या इंग्रजी पुस्तकात दर दहातला साधारण एक शब्द या कुटुंबांतला निघतो. अझ्यूम, डिराइव्ह, व्हेअरॅझ, हेन्स, सब्सिक्वेंट हे सगळे त्यात आहेत. ऑबफस्केट नाही.

आणि मराठी माध्यमातल्या मुलाने कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. कुपोषणातला ‘कु’ ज्याला कळतो त्याला मॅलन्यूट्रिशन, मॅलफंक्शन यांतला ‘मॅल’ दोन मिनिटांत कळतो. उपसमिती आली की सबकमिटी आली, आंतरराष्ट्रीय आलं की इंटरनॅशनल. वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचणाऱ्या मुलाकडे ही सगळी जोडणी आधीच असते, फक्त ती तशीच वापरायची हे त्याला कोणी दाखवत नाही. माझे एक आजोबा पोर्तुगीज काळात लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकले. त्यांना फेलिसिटेट, फॅसिलिटेट हे शब्द विनासायास कळायचे, कारण फेलिझ (आनंदी) आणि फासिल (सोपं) हे पोर्तुगीज शब्द त्यांच्या ओठांवर होते. ‘पुट अप विथ’ (सहन करणं) मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. कुठे पुट करायचं, आणि अप कशाला, म्हणायचे.

पाठ करण्याबद्दल एवढंच. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला मराठी अर्थ, ही वही बंद करा. शब्द जिथे भेटला ते अख्खं वाक्य लिहा, खाली त्याच शब्दाचं आपल्या घरातलं, शाळेतलं एक वाक्य. पाठांतर किती भराभर विरतं हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय, तेव्हा एका रात्रीत पन्नास शब्द उरकण्यात अर्थ नाही. आज पाच, परवा तेच पाच, आठवड्याने पुन्हा तेच, हे चालतं. येणारे शब्द मागे ढकलायचे, न येणारे पुढे ठेवायचे. जर्मनीच्या लाइटनरने १९७२ मध्ये यासाठी कप्पे केलेली कार्डांची पेटी सुचवली होती. बुटांचं रिकामं खोकं पुरतं.

यादी हवीच असेल तर कॉक्सहेडबाईंची घ्या, इंटरनेटवर फुकट मिळते. ती संपली की या माझ्याकडे, मग ऑबफस्केटचं बघू.