दोनच संघांची लीग

डायनॅमो म्हटलं की मला सायकलच्या टायरला घासून घरघरणारा, जोरात पायडल मारलं तरच दिवा पेटवणारा डायनॅमो आठवतो. त्यामुळे बर्लिनमध्ये पहिल्यांदा आइस हॉकीची मॅच बघायला गेलो आणि हजारो लोक एका सुरात 'ड्युनामो, ड्युनामो' ओरडायला लागले, तेव्हा आधी हसूच आलं. जर्सीवर तर पांढरं अस्वल! तिकिटावर 'आइसबेरन बर्लिन', म्हणजे बर्लिनची ध्रुवीय अस्वलं. मग हे ड्युनामो कोण? सोबत आमच्या बिल्डिंगमधले आजोबा होते, सगळी हयात पूर्व बर्लिनमध्ये काढलेले. ते म्हणाले, "तेच खरं नाव. हे दुसरं सोयीचं."

त्या रात्री घरी येऊन वाचायला बसलो तो अजून वाचतोच आहे.

डायनॅमो ही पूर्व जर्मनीतली पोलिसांची आणि श्टाझी या गुप्तहेर खात्याची क्रीडासंघटना. अध्यक्ष एरिख मिल्के, जो 1957 पासून 1989 पर्यंत श्टाझीचा मंत्रीही होता. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर पाळत ठेवायची, अशी व्यवस्था चालवणारा माणूस. बर्लिनचा डायनॅमो क्लब 1954 चा, आणि आजची अस्वलं त्याच्याच आइस हॉकी विभागातून आलेली.

आता खरी गंमत. 1968 च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीचा हॉकी संघ सगळे सामने हरून तळाला राहिला. पुढच्याच वर्षी सरकारने हिशोब मांडला. हॉकीला वीसेक खेळाडू, बर्फाचे हॉल, महागडं सामान, आणि एवढं करून मिळालंच तर एक पदक. तेवढ्या पैशात स्पीड स्केटिंगवाले चार-पाच पदकं आणतील. झालं, हॉकीचं अनुदान बंद! बास्केटबॉल आणि वॉटरपोलोचाही असाच बळी गेला. कारकुनी डोक्याने बघितलं तर निर्णय बिनचूक होता, आणि मला राग येतो तो त्याचाच.

1970 मध्ये अव्वल लीगमध्ये उरले फक्त दोन संघ. डायनॅमो बर्लिन आणि पोलंडच्या सीमेजवळच्या वाईसवासर या काचकारखान्यांच्या गावाचा डायनॅमो वाईसवासर. दोन्ही डायनॅमोचेच, हा काही योगायोग नव्हता. मिल्केसाहेबांना हॉकी हवी होती, म्हणून ती राहिली. बाकी गावांतली पोरं हौस म्हणून आपापलं खेळत राहिली.

पुढचे 20 हंगाम हे दोन संघ एकमेकांशीच खेळले. चॅम्पियनशिप जिंकली नाही तर उपविजेते, तिसरा निकालच नाही! जगातली सगळ्यात छोटी लीग म्हणून तिची चेष्टा होते, मीही आजोबांसमोर केली. ते चिडले नाहीत. म्हणाले, "समोरच्या गोलकीपरच्या बायकोचं नाव, त्याचा दुखरा गुडघा, सगळं आम्हाला पाठ होतं." एवढ्या ओळखीत चुरस कशी टिकते मला कळत नाही, पण टिकली. त्या 20 पैकी 12 वेळा बर्लिन जिंकलं, 8 वेळा वाईसवासर. आणि या दोन संघांच्या जिवावर पूर्व जर्मनी 1983 आणि 1985 मध्ये जागतिक स्पर्धेच्या अ गटात, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात खेळली. बर्लिनचे प्रशिक्षक योआखिम त्सीशे तर आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

आपल्याकडे राजाश्रय आणि लोकाश्रय असे दोन शब्द आहेत. या क्लबला ते दोन्ही चपखल बसतात. भिंत पडली, मिल्के गेला, राजाश्रय संपला. 1990 मध्ये दोन्ही डायनॅमो पश्चिमेच्या बुंडेसलिगात, म्हणजे तिथल्या अव्वल लीगमध्ये घेतले गेले आणि बर्लिन पहिल्याच वर्षी खाली घसरलं. 1992 मध्ये परत वर आलं, त्याच वर्षी नाव बदललं, कारण श्टाझीच्या वासाचं नाव जर्सीवर घेऊन प्रायोजकाच्या दारात कोण उभं राहणार? 1999 मध्ये नवा राजा आला, अमेरिकेतला. फिलिप अन्शुट्झच्या कंपनीने क्लब विकत घेतला. मग 2005 मध्ये पहिलं जर्मन विजेतेपद, आणि 2025 पर्यंत तब्बल 11. 2025 चं मात्र वेगळं होतं. त्या जानेवारीत संघातला टोबियास एडर कॅन्सरने गेला, वय 26. तीन महिन्यांनी त्याच्या सहकाऱ्यांनी करंडक उचलला.

'पैशाने विकत घेतलेली विजेतेपदं' असं पश्चिमेकडचे चाहते म्हणतात. आहेच त्यात तथ्य. पण राजाश्रयाची दुसरी बाजू हॅम्बुर्गवाल्यांना विचारा. याच कंपनीचा तिथे 'फ्रीझर्स' नावाचा क्लब होता. 2016 मध्ये कंपनीने हात काढून घेतला, चाहत्यांनी वर्गणी काढली, उपयोग झाला नाही. क्लब बंद! मिल्केची मर्जी काय आणि मालकाचा ताळेबंद काय, खेळाडूला दोन्हींपुढे मान तुकवावीच लागते.

जुना हॉल होहेनशोनहाउझेनमध्ये. लोक त्याला 'वेलब्लेखपालास्ट' म्हणतात, पन्हळी पत्र्याचा राजवाडा. लाडाने नुसतं 'वेल्ली'. आता तिथे सराव होतो आणि पोरं खेळतात. नवा चकचकीत हॉल 2008 पासून, भिंतीच्या उरलेल्या तुकड्यासमोर. त्याचं नाव आतापर्यंत दोनदा बदललं, प्रायोजक बदलेल तसं. ड्युनामोची आरोळी मात्र तीच.

ती आरोळी मी देत नाही. ज्या भागात वेल्ली आहे त्याच भागात श्टाझीचा तुरुंग होता. आज तिथे स्मारक आहे, मी बघून आलोय. त्या कोठड्या बघितल्यावर ते नाव तोंडातून निघत नाही. पण आजोबांना मी थांबवणार नाही. त्यांचं ड्युनामो मिल्केचं नव्हे, पत्र्याखाली कुडकुडत घालवलेल्या तरुणपणाचं आहे.

आणि वाईसवासर? दोन संघांच्या लीगआधीची धरून पूर्व जर्मनीची 25 विजेतेपदं, बर्लिनच्या तशा 15 पेक्षा कितीतरी जास्त. पण तिकडे कुणी अब्जाधीश फिरकला नाही. गावची लोकसंख्या निम्म्याहून कमी झाली, तरी संघ 'कोल्हे' या नावाने दुसऱ्या श्रेणीत खेळतो आहे. मला विचाराल तर या गोष्टीतला खरा लोकाश्रय तिथे आहे. पुढच्या महिन्यात कॉटबुसला गाडी बदलून जाणार आहे. आजोबांना चला म्हटलं, तर म्हणाले, "गुडघे साथ देत नाहीत. तू जा, पण अस्वलाचा मफलर घरी ठेव."