इंडेक्स टाक म्हणे!

डेटाबेसची क्वेरी (डेटा मागायची आज्ञा) स्लो आहे म्हटलं की कुणीतरी येतोच, "इंडेक्स टाक ना", म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी पटकन शोधायची सोय. अरे बाबा, आहे इंडेक्स! चार आहेत त्या टेबलवर, पाचवा टाकला की प्रत्येक इन्सर्टला (नवी नोंद टाकताना) अजून ओझं, पण डेटाबेस क्वेरी कशी चालवतो तो प्लॅन बघायचं नाव कुणी घेत नाही. क्वेरीच्या आधी एक्सप्लेन ॲनालाइझ एवढंच तर मारायचंय, क्वेरी चालवून प्लॅन दाखवतं (डिलीटवर असंच मारू नका हां, ते डिलीट खरंच चालवतं). परवा तेच, दोन तास चर्चा, रॅम वाढवू, सर्व्हर बदलू, आणि शेवटी मी प्लॅन काढला तर पोस्टग्रेसचा (आमचा डेटाबेस) अंदाज १ रो (नोंद) आणि प्रत्यक्षात आल्या २ लाख, म्हणून बिचाऱ्याने नेस्टेड लूप (एका टेबलच्या प्रत्येक रोसाठी दुसरीकडे शोध) निवडला आणि आतलं स्कॅन २ लाख वेळा फिरत बसलं. आदल्या रात्री ढीगभर डेटा लोड केलेला, त्यानंतर ॲनालाइझ (अंदाजासाठीची आकडेवारी ताजी करणारी कमांड) कुणी चालवलंच नव्हतं! एक कमांड, विषय संपला.

बरं हे नसेल तर वेअरमध्ये (क्वेरीतली अट) तारखेच्या कॉलमला फंक्शन गुंडाळलेलं असतं, मग साधा इंडेक्स काय कामाचा, किंवा मायएसक्यूएलमध्ये (दुसरा एक डेटाबेस) व्हारकॅर म्हणजे मजकुराच्या कॉलमची तुलना थेट आकड्याशी, अवतरणचिन्ह लावायचा कंटाळा, तिथेही इंडेक्स वाया. आणि सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य, "माझ्या मशीनवर तर फास्ट चालते." चालणारच ना, तुझ्या टेबलात ५० रो आहेत! तीच क्वेरी लगेच दुसऱ्यांदा चालवून "बघ, झाली फास्ट" म्हणणारे तर वेगळेच, अरे डेटा कॅशमध्ये (मेमरीत) आलाय फक्त, उद्या सकाळी परत बोंब मारशील.