खंड पडलेल्या दिवसानंतर

आमच्या योगवर्गातील एका मैत्रिणीने मध्यंतरी येणे बंद केले. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "चार दिवस चुकले गं, आता कोणत्या तोंडाने येऊ?" चुकलेले दिवस चारच होते, पण त्यांच्या लाजेपायी पुढचे बारा दिवस गेले होते. तिचे बोलणे ऐकून मला माझी जुनी वही आठवली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सात वर्षांपूर्वी मी 40 दिवस पहाटे पाचला उठून आसने, प्राणायाम आणि ध्यान करण्याचा संकल्प केला होता. तेविसाव्या दिवशी आईला रुग्णालयात दाखल करावे लागले, रात्र जागून काढली आणि सकाळची साधना झाली नाही. घरी आल्यावर मी वहीत लाल शाईने 'निश्चय नाही' असे लिहिले. त्यानंतरच्या प्रत्येक चुकलेल्या दिवसापुढे 'आळशी', 'ढोंगी' असे शब्द पडत गेले आणि स्वतःला असे फटकारणे म्हणजेच तप, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आई बरी होऊन घरी आली, तरी माझी साधना पुढे पाच महिने बंद राहिली, कारण आसनावर बसायचे म्हणजे आधी त्या वहीला सामोरे जायचे, असे होऊन बसले होते.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या भागातील, म्हणजे समाधिपादातील, चौदाव्या सूत्रात अभ्यास दृढ कसा होतो ते सांगितले आहे: 'स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः'. दीर्घकाळ आणि निरंतर हे दोन शब्द आपण सगळेच पाठ करतो, तिसरा मात्र निसटतो. 'सत्कार' म्हटले की आपल्याला शाल आणि श्रीफळ आठवते. इथे त्याचा अर्थ आदर असा आहे, आणि योगसूत्रांवरील व्यासभाष्यात त्याचा उलगडा करताना तप, ब्रह्मचर्य आणि विद्या यांच्या जोडीला श्रद्धाही सांगितली आहे. उशिरा आलेल्या पाहुण्याला आपण दारातच जाब विचारत नाही, आधी पाणी देतो. खंड पडल्यानंतर साधनेकडे परतणाऱ्या स्वतःला मात्र आपण उंबऱ्यावरच उभे करून हिशेब मागतो, आणि जिथे रोज अपमान होतो तिथे मन आपणहून जाईल अशी अपेक्षाही ठेवतो.

तपाविषयीची माझी समजूत तर मुळातच चुकीची होती. योगसूत्रांच्या दुसऱ्या भागातील, साधनपादातील, पहिल्याच सूत्रावरील हेच भाष्य सांगते की चित्ताच्या प्रसन्नतेला बाध येणार नाही, इतपतच तप आचरावे. गीतेच्या सतराव्या अध्यायात मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला सरळ तामस म्हटले आहे. हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींमध्ये अतिआहार आणि वायफळ बडबड यांच्याबरोबर 'नियमाग्रह' हा शब्द येतो. त्याची फोड 'नियम-आग्रह' अशीही होते आणि 'नियम-अग्रह', म्हणजे नियम न धरणे, अशीही होते. नियमाला हट्टाने कवटाळणे आणि नियम सोडून देणे ही दोन्ही टोके एकाच शब्दात सामावतात, याचे मला आजही नवल वाटते. त्या पाच महिन्यांत मी एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला गेले होते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: असे लाड केले तर शिस्त उरणार कुठे? मला वाटते, इथे नोंद आणि निवाडा यांतला फरक नीट पाहायला हवा. पतंजलींनी योगातील नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगताना व्याधी आणि संशय यांच्या रांगेतच प्रमाद (बेसावधपणा) आणि आलस्यही ठेवले आहे आणि या सर्वांना चित्ताचे विक्षेप, म्हणजे चित्त विचलित करणाऱ्या गोष्टी, म्हटले आहे. आळसाला तिथे आळसच म्हटले आहे, त्यावर पांघरूण घातलेले नाही. पण साधक नालायक आहे असा निकालही दिलेला नाही.

हा फरक कळल्यावर मी नवी वही केली आणि तिच्यात विशेषणे लिहायची नाहीत एवढाच नियम ठेवला. 'उठले 6.40. रात्री साडेबाराला झोपले. जेवण दहानंतर.' अशा नोंदी तीन आठवडे झाल्यावर जे दिसले, ते 'आळशी' या शब्दामागे इतके दिवस झाकलेले होते: माझी पहाट मोडत होती ती आदल्या रात्री. तेव्हा मी शिस्त पहाटेच्या गजरावरून रात्रीच्या जेवणावर आणली, आणि अवघड दिवसांसाठी 10 मिनिटांची बैठक हे किमान ठरवले. हे किमान मात्र मी कसोशीने पाळते आणि त्यात स्वतःला सहसा सूट देत नाही.

ध्यानात तर हीच गोष्ट एकेका मिनिटात घडते. मन जिथे जिथे भरकटेल तिथून तिथून ते परत आणावे, असे गीता सहाव्या अध्यायात सांगते. किती वेळा, याची मर्यादा तिथे नाही. भरकटल्याबद्दल चिडत बसले तर ते चिडणे ही मनात उठणारी आणखी एक वृत्ती होते आणि परतणे तेवढे लांबते.

आपल्या संतांनी स्वतःला पतित म्हटले, त्याचे काय, असेही कोणी विचारेल. मला जाणवते ते असे की तुकोबांचा तो आक्रोश विठ्ठलासमोरचा आहे. ऐकणारा आपला आहे या खात्रीने तो केलेला आहे, म्हणून त्यातून नाते अधिक घट्ट होते. माझ्या लाल शाईच्या शब्दांना असा कोणी ऐकणारा नव्हता. लिहिणारी मीच होते आणि वाचून खचणारीही मीच.

मैत्रिणीला मी काल फोन केला आणि चुकलेल्या दिवसांबद्दल काहीही विचारले नाही. उद्या सकाळी सहाचा वर्ग आहे. तिची सतरंजी मी माझ्याशेजारी, तिच्या नेहमीच्या जागी, आधीच अंथरून ठेवणार आहे.