ओसोर्नोच्या प्रापंचिकांनी जे केले

धर्मगुरूंनी केलेल्या लैंगिक अत्याचारांचा विषय निघाला की आपल्या कॅथॉलिक समाजात बहुधा दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. 'हे सगळे तिकडे, अमेरिकेत आणि युरोपात' ही एक, आणि 'फादरांविषयी असे बोलू नये, प्रार्थना करावी' ही दुसरी. मी श्रद्धावंत आहे, रविवारची मिस्सा चुकवत नाही, आणि या दोन्ही प्रतिक्रिया मला आता सहन होत नाहीत. अशा वेळी प्रापंचिकांनी, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांनी, काय करायचे असते, हे मला दक्षिण चिलीतल्या ओसोर्नो नावाच्या धर्मप्रांताने (एका बिशपांच्या अधिकाराखालच्या प्रदेशाने) शिकवले, म्हणून तो इतिहास जरा तपशिलाने मांडतो.

सान्तियागोमधील एल बोस्के या सधन धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फर्नांदो कारादिमा हे धर्मगुरू कित्येक दशके तरुणांचे आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून पूजले जात होते. त्यांच्या छायेत वाढलेले अनेक तरुण पुढे धर्मगुरू झाले आणि त्यांतले चार बिशपही झाले. हुआन कार्लोस क्रूझ, जेम्स हॅमिल्टन आणि होसे आन्द्रेस मुरियो यांनी २०१० मध्ये या माणसाने आपल्यावर केलेल्या अत्याचारांची जाहीर वाच्यता केली. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्च संस्थेच्या, वरिष्ठांकडे तक्रारी त्याच्या काही वर्षे आधीच पोचल्या होत्या. फेब्रुवारी २०११ मध्ये व्हॅटिकनने कारादिमा यांना दोषी ठरवून प्रार्थना व प्रायश्चित्ताचे जीवन जगण्याची शिक्षा दिली. देशाच्या न्यायालयात मात्र मुदत उलटून गेल्यामुळे त्यांना शिक्षा होऊ शकली नाही.

जानेवारी २०१५ मध्ये कारादिमांच्या याच वर्तुळातले बिशप हुआन बारोस यांची ओसोर्नोला नेमणूक झाली. आपल्यावरचे अत्याचार बारोस यांनी डोळ्यांनी पाहिले आणि तरीही ते गप्प राहिले, असा पीडितांचा आरोप होता. बारोस तो सतत नाकारत आले. ओसोर्नोच्या तेराशेहून अधिक श्रद्धावंतांनी, सुमारे तीस धर्मगुरूंनी आणि संसदेच्या ५१ सदस्यांनी पोपना पत्रे लिहून ही नेमणूक मागे घेण्याची विनंती केली, आणि तिचा काहीही उपयोग झाला नाही. मार्चमध्ये पदग्रहणाच्या दिवशी काळे कपडे घातलेले लोक काळे फुगे घेऊन थेट कॅथेड्रलमध्ये शिरले आणि विधी कसाबसा उरकावा लागला. मिस्सेच्या वेळी घोषणा देणे मला व्यक्तिशः रुचत नाही. पण विनंतीची पत्रे बेदखल झाल्यावर त्यांच्यासमोर दुसरा कोणता मार्ग शिल्लक होता, याचे उत्तर मला देता आलेले नाही.

पोप फ्रान्सिस यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच पुढचे लिहिणे जड जाते. त्याच वर्षी सेंट पीटर्स चौकात काही चिलीवासीयांशी बोलताना ते म्हणाले की, ओसोर्नोला त्रास होतो आहे तो त्याच्या मूर्खपणामुळे. जानेवारी २०१८ मध्ये चिलीच्या दौऱ्यावर असताना त्यांनी बारोसविरुद्ध एकही पुरावा नाही, ही सगळी बदनामी आहे, असे सांगितले. क्रूझ यांचे सविस्तर पत्र २०१५ मध्येच पोपपर्यंत पोचवण्यासाठी कार्डिनल ओमॅली यांच्या हाती देण्यात आले होते, हे त्यानंतर काही आठवड्यांतच उघड झाले. मग पोपनी पाठवलेले आर्चबिशप शिक्लूना चौकशीला गेले, ६४ जणांचे जबाब आणि सुमारे २,३०० पानांचा अहवाल घेऊन परतले, आणि एप्रिलमध्ये पोपनी आपण गंभीर चूक केल्याचे लेखी कबूल केले. मे महिन्यात चिलीच्या बिशपांनी एकत्रितपणे राजीनामे देऊ केले. ११ जूनला बारोस यांचा राजीनामा स्वीकारला गेला.

ओसोर्नोच्या लोकांना ही सव्वातीन वर्षे ख्रिस्तसभेचे शत्रू, डाव्यांच्या हातची बाहुली म्हणून हिणवले गेले. तरी त्यांनी आपला धर्मप्रांत सोडला नाही आणि आपली मागणीही सोडली नाही. २० ऑगस्ट २०१८ रोजी पोपनी साऱ्या श्रद्धावंतांना जे पत्र लिहिले, त्यात धर्मगुरूंना अवाजवी अधिकार बहाल करणारी वृत्ती प्रापंचिकही पोसतात, असे स्पष्ट म्हटले आहे. ते वाक्य आपल्याकडच्या किती प्रवचनांत आले?

'तिकडचे' म्हणणाऱ्यांसाठी केरळमधल्या कोट्टियूरची आठवण करून देतो. २०१७ मध्ये तिथल्या अल्पवयीन मुलीच्या बाळंतपणानंतर तिच्या वडिलांनीच सुरुवातीला स्वतःवर दोष ओढवून घेतला होता, कारण खरा गुन्हेगार धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू होता. खटल्यात आईवडील फितूर झाले, तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये २०१५ साली धर्मगुरूने तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार केला. ते कुटुंब आधी ख्रिस्तसभेच्या वरिष्ठांकडे गेले होते, आणि पोलिसांत अखेर त्या कुटुंबालाच जावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली.

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ याबाबतीत संदिग्ध नाही. मुलावर अत्याचार झाल्याचे ज्याला कळले, त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आधी बिशपांना सांगू, ते बघतील' अशी पायरी या कायद्यात कुठेही नाही. बिशपांना जरूर सांगावे, पण पोलिसांकडे जाणे त्यासाठी थांबू नये.

आमच्या पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत मी एक ठराव मांडणार आहे. चाईल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आणि बालसंरक्षणाची तक्रार घेणाऱ्या व्यक्तींची नावे चर्चच्या दाराशी, मिस्सेच्या वेळापत्रकाशेजारी कायमची लावावीत. त्या व्यक्तींत बहुसंख्य प्रापंचिक असावेत, निदान एक स्त्री असावी आणि एक सदस्य धर्मग्रामाबाहेरचा असावा. आणि आलेल्या तक्रारींची संख्या व त्यांतल्या किती पोलिसांकडे गेल्या, हे मुलांची ओळख उघड न करता दरवर्षी हिशेबाबरोबर वाचून दाखवावे. सूचक म्हणून माझे नाव आहेच, अनुमोदक हवा आहे. धर्मग्रामातल्या ज्यांना शक्य असेल त्यांनी मला बैठकीआधी कळवावे.