पाणसळ पाण्यावर चालत नाही

जुनी बोट घ्यावी की घेऊ नये यावर लोक भरपूर सल्ले देतात, पण तिचं आतलं छत उतरवताना नाकातोंडात काय काय जातं ते कुणी सांगत नाही. आमची शिडाची बोट 1978 ची, 27 फुटी, फायबरग्लासची, सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये अलामीडाच्या मरिनात उभी असते. बाहेरून झकास. आत उतरलं की लाल डब्याच्या सीटखालचा वास.

त्या काळात छताला आतून फोमवालं रेक्झिन चिकटवायचे. इतक्या वर्षांत फोमची भुकटी होते आणि रेक्झिनला पोट सुटतं. ओढलं की रेक्झिन एका झटक्यात निघतं, तेवढाच आनंद, कारण फोम वरच राहतो, अर्धा पीठ अर्धा च्युइंग गम, मग ड्रिलला तारेचा ब्रश लावायचा, मास्क, गॉगल चढवायचा आणि मान मोडेस्तोवर ते खरवडत बसायचं. घरी आलो तर बायको दारातच म्हणाली, "गिरणीत नोकरी धरलीस का? आधी आंघोळ."

बरं, छतावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण छत उतरलं की बल्कहेडची, म्हणजे आतल्या आडव्या भिंतीची, वरची कड दिसते आणि ती काळीकुट्ट असते. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा डेकमधून खाली आलेल्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या पट्ट्या जिथून आत येतात तिथलं सीलंट वाळतं आणि पावसाचं पाणी थेंब थेंब प्लायमध्ये मुरतं. समोरून सागाचं देखणं विनिअर, वरून स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत.

मग माप घ्यायचं. पाणसळ ठेवली, मी डावीकडे सरकलो की बुडबुडा एकीकडे, बायको चहा घेऊन उतरली की दुसरीकडे, बाहेरून एखादी मोटरबोट गेली की कुठेही. ओळंबा झोके घेतो. गुण्या पिशवीतून काढूच नये, बोटीत काटकोन नसतो. गावाकडे आमचे सुतारकाका कानावर पेन्सिल ठेवून म्हणायचे "भिंत वाकडी आहे साहेब", इथे भिंत वाकडी असण्याचेच पैसे मोजलेत. शेवटी पातळ प्लायच्या पट्ट्या हलच्या, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या, वळणाला टेकवत टेकवत ग्लू गनने एकमेकींना चिकटवायच्या, तो सांगाडा नव्या प्लायवर ठेवून आखायचं. डावीकडचा उलटा केला की उजवीकडे बसेल असं वाटतं, तर तसं अजिबात नाही.

आणि खरी गंमत पुढेच. कारखान्यात आधी आतल्या भिंती बसवायचे आणि मग वरून डेकचं झाकण टाकायचे. आधी संसार, मग छप्पर! आता झाकण कायमचं बसलंय आणि आत उतरायचं दार जेमतेम दोन फूट रुंद. त्यामुळे महागाचं मरीन प्लाय आणायचं, जीव ओतून एकसंध कापायचं, मग डोळे मिटून मधोमध करवत चालवायची, दोन तुकडे आत नेऊन जोडायचे आणि जोडावर सागाची पट्टी ठोकायची. येणारे जाणारे नेमकं त्या पट्टीचंच कौतुक करतात, काय डिझाइन केलंय म्हणून.

छताची पॅनेलं मात्र नीट बसली. स्क्रू आखूडच घ्यायचे, लांब घेतला तर तो थेट डेकवर उगवतो आणि पावसाला नवा रस्ता मिळतो. स्क्रूच्या डोक्यांवर सागाची बुचं बसवून वर वार्निश मारायची पद्धत आहे, शेजारच्या बोटीवाल्या आजोबांनी तशीच मारलीत, आरशासारखी. ते डोकावून म्हणाले, बुचं आत्ता नको, आधी एक पावसाळा जाऊ दे. इथे पाऊस हिवाळ्यात. तोवर सगळे स्क्रू उघडे, आणि प्रत्येक पॅनेलमागे मी टिश्यू पेपर कोंबून ठेवलेत, ओला झाला की पाणी कुठून येतंय ते कळेल.

हे सगळं राजापूरला आईला फोनवर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग पावसाच्या आधी शाकारून का नाही घेत?"