आजीने शालू कोणत्या यंत्राने निवडला?

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश येऊन पडला. 'कॅलिब्रेशनचा धंदा ओळखा, पैसे वाचवा' असे त्याचे शीर्षक असून (कॅलिब्रेशन म्हणजे मॉनिटरचे रंग यंत्राने मोजून जुळवणे, आणि ते यंत्र म्हणजे कॅलिब्रेटर), तो वीस वर्षांचा अनुभव असलेल्या कुणा निनावी छायाचित्रकाराच्या नावावर खपवलेला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रंग पारखायला माणसाचा डोळा पुरेसा असतो, गिऱ्हाईक फोनवर पाहते, म्हणून मॉनिटर फोनशी जुळवून घ्यावा, नव्या कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशाचा रंग ओळखून पांढरे पांढरेच दाखवण्याची आपोआप सोय) चुकत नाही, चुकलाच तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) आहे, आणि फारच शंका आली तर एक पांढरा कागद समोर धरावा, कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी ही अधिक व्यापक रंगव्यवस्था निवडली की रंग खुलतात, मॉनिटर कारखान्यातूनच जुळवून येतो, आणि एवढे सगळे करूनही छापील प्रत पडद्याशी जुळत नाही, त्याअर्थी कॅलिब्रेटर विकणारे लोकांना लुबाडत आहेत.

एरवी मी हा संदेश पुसून टाकला असता. परंतु माझी भाची कर्वेनगरमधल्या घरातून पैठण्या आणि इतर रेशमी साड्या विकते, त्यांची छायाचित्रे स्वतः काढते, आणि सहा महिने मागे लागून मी तिला मागवायला लावलेल्या कॅलिब्रेटरची ऑर्डर तिने हा संदेश वाचून रद्द केली. "मामा, पटतंय हो हे," असे तिने मला कळवले, तेही रद्द केल्यानंतर. पुढच्या पंधरवड्यात तिच्या दोन साड्या परत आल्या. माझी उभी नोकरी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात छपाईपूर्व रंगकामात गेली आहे, त्यामुळे या विषयावर गप्प बसणे मला शक्य नाही.

संदेशातले सर्वाधिक टाळ्या घेणारे वाक्य असे आहे: 'आपल्या आजीने लक्ष्मी रस्त्यावर शालू निवडला तेव्हा तिच्याजवळ कोणते यंत्र होते?' हे लिहिणारा आजीबरोबर साडी घ्यायला कधी गेलेला नसावा. माझी आजी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत पडलेली साडी उचलून, विक्रेत्याच्या कपाळावरच्या आठ्यांकडे साफ दुर्लक्ष करून, थेट दाराशी जाई, पायरीवरच्या उजेडात पदर उलगडून पाही आणि पुष्कळदा परत येऊन 'दुसरी दाखवा' म्हणे. मॅचिंग सेंटरमध्ये फॉल किंवा ब्लाउजपीस जुळवतानाही तिचा हाच शिरस्ता होता, कारण दुकानात साडीशी तंतोतंत जुळलेले कापड रस्त्यावर आल्यावर निराळे दिसते, हा अनुभव तिने पैसे मोजून घेतला होता. दोन कापडांचे रंग एका दिव्याखाली जुळावेत आणि दुसऱ्याखाली फुटावेत, या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात; आजीला हा शब्द ठाऊक नव्हता, पण दुकानातल्या दिव्याखाली आपला डोळा आपल्याला फसवतो हे पक्के ठाऊक होते. म्हणून ती आधी प्रकाश ठरवी आणि मगच रंग ठरवी. कॅलिब्रेशन करणारा माणूस हेच करतो. तेव्हा कृपा करून आजीला या वादात साक्षीला बोलावू नये; ती माझ्या बाजूने साक्ष देईल.

डोळ्याच्या अचूकपणाविषयी मला स्वतःलाही बराच गर्व होता. गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि डाव्याचे व्हायला दोन महिने अवकाश होता. त्या दोन महिन्यांत मी एकेक डोळा झाकून घरातली पांढरी भिंत पाहत असे. उजव्या डोळ्याला ती निळसर पांढरी दिसे, डाव्याला जुन्या पोथीच्या पानासारखी पिवळट. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते, हे मी वाचलेले होते. परंतु ज्या डोळ्याच्या भरवशावर मी शेवटची कित्येक वर्षे 'यात पिवळा कमी करा' असे अधिकाराने सांगत होतो, त्याचीच ही अवस्था असेल असे कधी मनात आले नव्हते. आमच्याकडे मोजणी करणारे यंत्र होते म्हणून माझा पिवळेपणा छपाईत उतरला नाही, इतकेच. तरुण डोळाही यातून सुटत नाही, कारण तो समोरच्या प्रकाशाशी सतत जुळवून घेतो. पिवळ्या बल्बखालचे धोतर आपल्याला पांढरेच दिसते, ते याचमुळे. पडद्यावर निळी झाक असली तरी दहा मिनिटांत डोळा तिला पांढरे मानून मोकळा होतो, आणि मग पडदा खोटे पांढरे दाखवतो आहे याचा माणसाला पत्ताच लागत नाही.

दुसरे असे की, यंत्राला डोळ्याचा वैरी ठरवणे हेच मुळात अडाणीपणाचे आहे. रंग मोजण्याच्या सगळ्या शास्त्राचा पाया १९३१ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेल्या 'प्रमाण निरीक्षका'वर उभा आहे, आणि तो निरीक्षक राइट आणि गिल्ड या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी एकूण १७ माणसांच्या डोळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून तयार झाला. म्हणजे मॉनिटरवर टेकवायचे ते सुपारीच्या डबीएवढे यंत्र माणसाच्या डोळ्याचीच सरासरी काढून बनवलेले आहे. फक्त ते थकत नाही आणि त्याला मोतीबिंदू होत नाही. ते पडद्यावर ठरावीक रंगांचे चौकोन दाखवते, प्रत्यक्षात उमटलेला रंग मोजते आणि दोहोंमधली तफावत प्रोफाइल नावाच्या फाइलमध्ये नोंदवते. यात फसवणूक कुठे आहे ते संदेशकर्त्याने सांगितलेले नाही.

आता फोनविषयी, कारण खरे नुकसान या सल्ल्याने केले. भाचीने एका संध्याकाळी आपला फोन मॉनिटरशेजारी उभा केला आणि मॉनिटरची लाल, हिरवी, निळी बटणे फिरवत दोन्ही पडदे जुळवले. सूर्यास्तानंतर तिच्या फोनवर डोळ्यांना आराम देणारी पिवळट झाक आपोआप चढते, हे तिच्या लक्षात नव्हते. मॉनिटर पिवळा झाला. मग साडी हातात धरून ती चित्राशी ताडून पाहू लागली, तेव्हा आमसुली साडी पडद्यावर मातकट दिसली, म्हणून तिने चित्रात निळा वाढवला. आणि ती फाइल गिऱ्हाइकांच्या फोनवर पोहोचली तेव्हा आमसुली साडी चक्क वांगी झालेली होती. वांगी पाहून पैसे भरणाऱ्या बाईंना आमसुली मिळाल्यावर त्यांनी ती परत पाठवली, यात त्यांचा काही दोष नाही.

'गिऱ्हाईक शेवटी फोनवरच पाहते' हे अर्धसत्य मात्र मला नाइलाजाने मान्य करावे लागते. पण कोणता फोन? मी घरातले तीन फोन टेबलावर ओळीने मांडून एकच चित्र उघडले, तर एकात ते भडक, एकात पिवळट आणि माझ्या जुन्या फोनमध्ये मरगळलेले दिसले. प्रवाशांची घड्याळे पाच मिनिटे मागेपुढे असतात म्हणून पुणे स्टेशनचे घड्याळ कुणा एका प्रवाशाच्या मनगटाला लावून घेत नाहीत. मूळ फाइल मध्यावर असली, तर कुणाला रंग थोडा उबदार दिसेल, कुणाला थोडा थंड, पण आमसुली बहुतेकांना आमसुलीच वाटेल. मूळ फाइलच एका बाजूला कललेली असली, तर गिऱ्हाइकाच्या फोनची चूक तिच्यात मिळवली जाते आणि ज्यांचे फोन त्याच बाजूला कललेले आहेत त्यांना भलतीच साडी दिसते.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देण्याची गरज नाही. ऑटो व्हाइट बॅलन्स चौकटीत जे दिसते त्यावरून प्रकाशाचा अंदाज बांधतो, त्यामुळे चौकटभर लाल शालू पसरला की त्याचा लालपणा प्रकाशाच्या खाती जमा होऊन चित्र थंड पडण्याचा धोका असतो. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो हे खरे आहे, पण जो रंग दिव्यातच नव्हता तो रॉमधून काढता येत नाही. स्वस्त एलईडी दिव्यांच्या खोक्यावर छापलेला सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात ते सांगणारा आकडा, आठ सौम्य रंगांची सरासरी असतो. गडद लाल रंगाची परीक्षा त्या सरासरीत धरलेलीच नसते, म्हणून चांगला आकडा मिरवणाऱ्या दिव्याखालीही कुंकवाचा लाल विटकरी दिसू शकतो. ॲडोबी आरजीबीची निवड रॉ फाइलला लागूच होत नाही, ती कॅमेऱ्यातून निघणाऱ्या जेपीईजीला लागते. आणि असे जेपीईजी, फाइल कोणत्या रंगव्यवस्थेतली आहे याची दखल न घेणाऱ्या ॲपमध्ये उघडले की खुलण्याऐवजी फिके पडते. कारखान्यातून जुळवून आलेले मॉनिटर असतात, हेही मान्य. परंतु ती जुळणी त्या दिवशीची असते, पडद्यामागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, वापराने बदलत जातो, आणि भाचीचा मॉनिटर तसल्या वर्गातला नाहीच.

पांढऱ्या कागदाबद्दल मात्र दोन वाक्ये जास्त लिहितो, कारण हा सल्ला फार शहाणपणाचा वाटतो. पूर्वी पांढऱ्या कपड्यांना नीळ देत, तशी आजच्या झेरॉक्सच्या कागदात चमक आणणारी द्रव्ये घातलेली असतात, आणि ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली असा कागद धरून पाहावा. नोट काळवंडलेली राहते आणि कागद निळा पेटतो. त्या निळसर कागदाला कॅमेऱ्याने पांढरे मानले की बाकीचे चित्र पिवळट होते. यासाठी रंगहीन ग्रे कार्ड मिळते, किंवा १९७६ साली मांडलेला २४ चौकोनांचा रंगतक्ता मिळतो, ज्यात करड्या-पांढऱ्याच्या सहा पायऱ्याही असतात. दिवा बदलला की त्या कार्डाचे किंवा तक्त्याचे एक छायाचित्र काढायचे, एवढेच काम आहे.

राहता राहिला छापील प्रतीचा आक्षेप. याचे उत्तर आयएसओ ३६६४ या मानकात आहे, आणि आमच्या छापखान्यात त्याच्या २००९ च्या आवृत्तीबरहुकूम बांधलेला एक खोपटासारखा कक्ष होता, म्हणून मी खात्रीने सांगतो. छापील प्रत काटेकोरपणे तपासायची तर ती डी५० या प्रमाण प्रकाशाखाली, २००० लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेडात, रंगहीन आणि बिनचमकीच्या परिसरात पाहावी, असे त्या आवृत्तीत सांगितले आहे. घरात वा दालनात ती कशी दिसेल याचा अंदाज घ्यायचा असेल तर ५०० लक्स. भाचीने आपल्या साड्यांची छापील पुस्तिका पोपटी भिंतीच्या खोलीत, एका पिवळ्या दिव्याखाली, पूर्ण उजळ केलेल्या मॉनिटरशेजारी धरली आणि ती काळवंडलेली दिसते म्हणून यंत्रांना दोष दिला. छपाईच्या कामासाठी मॉनिटरचा उजेड साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवतात. नवा मॉनिटर खोक्यातून बाहेर येतो तो २५० किंवा त्याहूनही अधिक उजेड फेकत येतो. एवढ्या उजेडात चित्र उजळ भासते, माणूस ते आणखी गडद करतो, आणि कागदावर अंधार छापून येतो. कागद, शाई आणि छपाईयंत्र यांचे प्रोफाइल लावल्याशिवाय नुसता मॉनिटर जुळवून छपाई जुळणार नाही, हेही खरे आहे, पण तो यंत्राविरुद्धचा पुरावा होत नाही.

एका बाबतीत मी हात टेकतो. पैठणीतला धूप-छाव प्रकार उभ्या आणि आडव्या धाग्यांचे रंग वेगवेगळे ठेवून विणतात, त्यामुळे तीच साडी एका कोनातून मोरपंखी आणि दुसऱ्या कोनातून जांभळी दिसते. शिवाय गर्द मोरपंखी हा एसआरजीबी या नेहमीच्या, मर्यादित रंगव्यवस्थेतल्या साध्या मॉनिटरच्या आवाक्याबाहेर जाणारा रंग आहे, तो कितीही जुळवला तरी पडद्यावर पुरता उमटत नाही. परत आलेली दुसरी साडी याच जातीची होती आणि तिच्यापुरते कॅलिब्रेटरने काही वाचवले नसते. तिची दोन कोनांतून दोन छायाचित्रे टाकावीत आणि खाली दोन्ही धाग्यांचे रंग मराठीत लिहावेत, असे मी भाचीला सांगितले आहे. आमसुलीसाठी मात्र तिने रद्द केलेली ऑर्डर पुन्हा नोंदवली आहे.