हौस फिटली म्हणे!

मागच्या रविवारी आमच्या राजेंद्र नगरातच एका बारशाला गेले होते. दोन मुलग्यांच्या पाठीवर झालेली मुलगी. हॉलच्या दारापासून पाळण्यापर्यंत गुलाबी फुगे, श्रीखंड-पुरीच्या शेजारी इंदूरच्या रिवाजाने गरम जिलेबीची कढई, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य, "चला, हौस फिटली एकदाची!" पाळण्याची दोरी हातात येईपर्यंत मी ते सात-आठ वेळा ऐकलं. एक काका "अहिल्या आली घरात" असंही म्हणाले.

घरी आले तरी तो शब्द दातात अडकलेल्या शेवेसारखा टोचत होता. हौस.

हौस कशाची असते? नथीची असते, पैठणीची असते, गच्चीवर बाग करायची असते. आमच्या मागच्या गल्लीत एक वहिनी आहेत, त्यांना दोन मुली. त्यांना तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा "मुलाची हौस दिसतेय" असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. तेव्हा सगळे गंभीर. "घरच्यांचंही बघावं लागतं", "पुढचं काय, म्हातारपणाचं काय", "होऊ दे बाई या खेपेला तरी." सासूबाई खजराना गणपतीला जाऊन देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून आल्या. नवस पुरा झाला की सुलटा काढायला जायचं असतं. मुलीसाठी उलटा स्वस्तिक काढलेली सासू मला या शहरात अजून भेटायची आहे. असेल तर कळवा, मी त्यांच्या पाया पडायला येईन.

म्हणजे मुलग्यांवर मुलगी मागितली तर ती हौस, आणि मुलींवर मुलगा मागितला तर ती गरज. पोट भरलेल्यालाच मुखशुद्धी सुचते, तसं आहे हे.

टोमणा म्हणून लिहीत नाहीये. ती हौस मलाही होती. मला दोन मुलगे आहेत, थोरला 2006 चा, धाकटा 2011 चा, आणि दोन्ही वेळा मला मुलगी हवी होती.

थोरल्याच्या डोहाळजेवणात झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या. मी उघडली तिच्यात बर्फी निघाली. पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी, हे मराठी बायकांना सांगायला नको. खोली एकदम गप्प. मग आत्याबाईंनी सावरून घेतलं, "असू दे गं, पहिली बेटी, धनाची पेटी." असू दे! जणू माझ्या हातून काही सांडलं होतं. झाला मुलगा. पाच वर्षांनी धाकट्याच्या वेळी पुन्हा तीच चांदीची वाटी, पुन्हा बर्फी. या वेळी त्याच बायकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्टीसुद्धा ऐकू आली. मधल्या पाच वर्षांत बर्फी बदलली नव्हती. मांडीवर एक मुलगा आला होता एवढंच. (बर्फी दोन्ही वेळा उत्तम होती, हे नमूद करते.)

सोनोग्राफीच्या खोलीत भिंतीवर पाटी होती, 'यहाँ भ्रूण लिंग परीक्षण नहीं किया जाता'. मी डॉक्टरीणबाईंना लाडात येऊन म्हटलं, "मला तर मुलगीच हवी आहे, मग मला सांगायला काय हरकत?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हवी की नको, हे कायदा विचारत नाही." तेव्हा फार राग आला होता. आपण एवढे पुढारलेले, आणि ही बाई आपल्याला त्या लोकांच्या रांगेत उभं करते! कायदा 1994 चा, लागू झाला 1996 पासून. आता कळतं की मुलगी हवी म्हणणाऱ्यांना सांगायची सोय असती, तर सगळा देश मुलगी हवी म्हणतच त्या खोलीत शिरला असता.

आता दवाखान्यातली गोष्ट. ही मी आजवर कुठे लिहिली नाही. नवऱ्यालाही पूर्ण सांगितलेली नाही.

धाकटा झाला त्या रात्री शेजारच्या खाटेवर एक बाई होती. खेड्यातली, माझ्याहून लहान. तिला तिसरी मुलगी झाली होती. मला मुलगा झाला म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी, तिला मुलगी झाली म्हणून तिच्या. दोघी छताकडे बघत पडलेल्या. सकाळी आया आली ती थेट माझ्या खाटेशी. "भाभी, बेटा हुआ है, ग्यारह सौ तो बनते हैं." सासऱ्यांनी हसत पैसे काढले. शेजारच्या खाटेकडे ती गेलीच नाही. तिकडे काही मागायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. जाताना एवढंच म्हणाली, "दोनों अदला-बदली कर लो, सब खुश." आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो, टाके दुखेपर्यंत. मग ती बाई कुशीवर वळली आणि तिने मुलीला पाजायला घेतलं.

माझ्या आईने एक झबलं शिवून आणलं होतं. तिच्या जुन्या नऊवारीच्या मऊ सुती कापडाचं, गळ्याला झालर, छातीवर गुलाबी धाग्याचं कमळ. आईलाही यंदा मुलगीच असं वाटत होतं. ते झबलं शेजारच्या खाटेवर द्यावं असं माझ्या मनात आलं. दिलं नाही. का नाही दिलं, त्याची कारणं मी इतक्या वर्षांत बरीच जमवली आहेत, पण खरं एकच आहे. मला वाटलं, पुढच्या वेळी लागेल.

त्याच महिन्यात, ऑक्टोबर 2011 मध्ये, साताऱ्याची बातमी आली. 'नकुशा', 'नकोशी' अशा नावांच्या 285 मुलींना जिल्हा प्रशासनाने एका समारंभात नवीन नावं दिली. आई माझं बाळंतपण करायला आली होती, तिचं आजोळ साताऱ्याकडचं. बाळाला न्हाऊ घालता घालता ती म्हणाली, "आमच्या आजीच्या बहिणीचं नाव नकूच होतं. आम्हाला वाटायचं, नकू म्हणजे काहीतरी लाडाचं." मी तेव्हा चौतीस किलोमीटर लांबीचं रडगाणं गात होते की मला मुलगी नाही. जरा वरमले. फार नाही, जराच.

आता थोडं गणित, कारण बारशात एक शिकलेल्या ताई मला समजावत होत्या, "दोन मुलगे झाले म्हणजे तिसरी मुलगी व्हायचीच होती." तसं काही नसतं. निसर्ग मागचा हिशेब ठेवत नाही. दर खेपेला जवळपास अर्धी-अर्धी शक्यता, त्यातही मुलग्यांचं पारडं किंचित जड, साधारण 100 मुलींमागे 105 मुलगे. ठरतं ते बापाकडून एक्स आला की वाय यावर. हे आपल्याकडे दहावीच्या पुस्तकात शिकवतात आणि दोष सुनेला देतात.

पण माणसं मात्र हिशेब ठेवतात. सरकारच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीत यावर एक प्रकरणच होतं. मुलगा होईपर्यंत मुलं होऊ द्यायची आणि मुलगा झाला की थांबायचं, या रीतीमुळे देशात 25 वर्षांपर्यंतच्या 2.1 कोटी मुली 'नकोशा' असल्याचा अंदाज त्यात मांडला होता. पोटात मारलेल्या नव्हेत, जन्मलेल्या, वाढलेल्या, शाळेत जाणाऱ्या. आईबाप वाट बघत होते दुसऱ्याच कुणाची आणि आल्या या. याचा दुसरा अर्थ मला फार उशिरा लागला. अशा रीतीत मुली बहुतेक मोठ्या घरांत जन्मतात, जिथे दूध, फी, अंथरूण सगळं पाचांत वाटायचं असतं. आणि एक-दोन मुलग्यांवर थांबलेली, फी भरू शकणारी, स्वतंत्र खोली देऊ शकणारी आमच्यासारखी घरं 'एक मुलगी हवी होती हो' म्हणत उसासे टाकत बसतात. आमच्या मध्य प्रदेशात 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे 2001 साली 932 मुली होत्या, 2011 साली 918. मुलींसाठीची लाडली लक्ष्मी योजना सुरू झाली 2007 ला.

"मग तिसरा चान्स का नाही घेतला?" हे बारशातही विचारून झालं. आमचे हे राज्य सरकारच्या नोकरीत. 26 जानेवारी 2001 नंतर तिसरं मूल झालं तर नोकरीवरच गदा, असा तेव्हा इथला नियम होता. चला, एवढ्यापुरतं सरकारच्या नावावर ढकलता येतं. दत्तकाचाही विचार झाला. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात मुलगे असताना मुलगी दत्तक घ्यायला आडकाठी नाही, मुलगी असेल तर मात्र दुसरी दत्तक घेता येत नाही. पण संस्थेतून बाळ आणायचं तर नियम वेगळे. आम्ही 'बघू, बघू' करत बसलो, सासरे म्हणत राहिले "देवाने दोन दिलेत की", आणि 2022 मध्ये नवे नियम आले. दोन किंवा जास्त मुलं असलेल्या जोडप्याला आता विशेष गरजा असलेलं किंवा ज्याला सहसा घर मिळत नाही असंच मूल मिळू शकतं. ते वाचून ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले. मुलगी हवी होती, पण माझ्या मनातलीच हवी होती, हे त्या दिवशी कळलं. ते फार देखणं दृश्य नव्हतं.

म्हणून अलीकडे व्हॉट्सॲपवर 'ज्या घरी मुलगी, त्या घरी लक्ष्मी' छापाचं काही आलं की माझं डोकं फिरतं. "मुलगी शेवटपर्यंत आईबापाला विचारते हो." म्हणजे ही पण म्हातारपणाची काठीच ना? मी स्वतः मुलगी आहे. आई शेवटी पुण्याला भावाकडे होती. मी इंदूरहून गेले ते मोजून पंधरा दिवस. दोन वर्षं केलं ते भावाने आणि वहिनीने. तरी तेराव्याला सगळे माझ्याच पाठीवरून हात फिरवत होते, "मुलीचा जीव तो." वहिनी आत भांडी मोजत होती.

दुसरे सल्लागार आधुनिक. "अगं, मुलांना पोळ्या करायला शिकव, तेच तुझ्या मुली." शिकवल्या आहेत. थोरला माझ्यापेक्षा चांगले पोहे करतो, वाफेवरचे, वरून जीरावन मसाला भुरभुरून. पण पोळ्या येतात म्हणजे मुलगी झाली, असं म्हणणाऱ्याने मुलगी कशाला म्हणतात ते सांगून टाकलं की!

आणि अहिल्येचं. राजवाड्यासमोरच्या पुतळ्याला आम्ही सगळेच हात जोडतो, मीही जोडते. पण "अहिल्या आली" म्हणणाऱ्या काकांना सांगावंसं वाटलं की तिलाही एक मुलगी होती, मुक्ताबाई. मुलगा मालेराव 1767 ला गेला. अहिल्याबाईला सासऱ्याने सती जाण्यापासून थांबवलं म्हणून आपल्याला ती मिळाली. 1791 मध्ये मुक्ताबाई नवऱ्यामागे सती गेली तेव्हा एवढ्या मोठ्या राज्याची धनीण असलेल्या आईला तिला थांबवता आलं नाही. बारशाला "मुक्ता आली" असं कुणी म्हणत नाही. मीही काही बोलले नाही, समोर जिलेबी होती.

तरी हौस जात नाही. एवढं सगळं लिहूनही नाही. पितृपक्ष आला की आठवतं, लहानपणी देवासला आम्ही माळवी मैत्रिणींबरोबर भिंतीवर शेणाची संजा काढायचो, रोज नवीन आकार, शेवटी किल्ल्याचा मोठा आकार, किलाकोट. ती उतरवून विसर्जन केलं की लगेच नवरात्र, मग पाटावर हत्ती काढून भोंडला. एका महिन्यात दोन दोन खेळ, माळव्यातल्या मराठी मुलींची चैनच. ते कुणाला तरी द्यायचं राहिलं. धाकट्याला एकदा बसवलं होतं संजा काढायला. त्याने तन्मयतेने शेणाचा क्रिकेटचा स्टंप काढला. छान होता, पण स्टंपच होता. या इच्छेला मी आता कारण शोधत नाही. ठुशी कुणाला देऊ, मनातलं कुणाशी बोलू, ही सगळी नंतर लावलेली लेबलं आहेत.

परवा थोरला त्याची मार्कशीट शोधत माझं कपाट उपसत होता. प्लास्टिकच्या पिशवीतून ते झबलं निघालं. गुलाबी कमळाचं. "हे कोणाचं?" मी म्हटलं, "धाकट्याचं." त्याला खरं वाटेना, पण खोटं नाहीये ते. झबलं घरात होतं, बाळ घरात होतं, पहिले पंधरा दिवस मी त्याला तेच घातलं. झालरीतून नुसतं तोंड दिसायचं. फोटो आहे.

तो फोटो या पोस्टसोबत टाकणार होते. धाकट्याने परवानगी दिली नाही.